चुकांची वही

भट्टी उघडली की आधी चुकांची वही निघायची. मातीकामाच्या त्या कार्यशाळेत माणसं आठ आणि नियम एकच: चांगलं निघालं ते सगळ्यांचं, बिघडलं ते ज्याचं त्याचं. भांड्याच्या बुडाला कुणाचं नाव नाही. पण तडा गेला, तर ज्याच्या हातून बिघडलं त्यानं आपल्या तोंडानं "माझी चूक" म्हणायचं आणि चाकवालीनं ते नावानिशी वहीत उतरवायचं. हा नियम तीस वर्षांपूर्वी तिथल्या सगळ्यांत जुन्या मावशींनीच घालून दिला होता. आपल्या हातानं आपल्यासाठी खड्डा खणायचा तो असा.

मावशी झिलई, म्हणजे भांड्यांवर चढवायचा चकचकीत रंग, बनवायच्या. सात वर्षं राख आणि दगडाची पूड चाळून, चाचणीचे शेकडो तुकडे भाजून त्यांनी एक निळा काढला होता. बुडाशी गर्द, काठाशी येईतो जुन्या चादरीसारखा विटका. कृती त्यांनी लगेच भिंतीवर लिहून टाकली. रंग सगळ्यांचा झाला, आणि दोन वर्षांत दादांचा झाला.

दादा म्हणजे कार्यशाळेचे प्रमुख. आयत्या बिळावर नागोबा. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला, खाली 'दादांचा निळा'. मावशींनी मूग गिळले. स्वतःचं स्वतः सांगायचं नाही, ही त्यांचीच शिकवण. त्यांना एवढंच हवं होतं, की दादांनी एकदा, चार माणसांत, रंग कुणी काढला ते सांगावं. त्या एका वाक्याची त्यांनी चार वर्षं वाट पाहिली.

"मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही," नवरा म्हणायचा.

"मागून मिळालं तर ते भीकच की," मावशी म्हणायच्या. हे सांगताना मला त्यांचा रागच येतो. इतका चांगुलपणा काय कामाचा?

मग मोठं प्रदर्शन ठरलं. वीस रांजण, सगळे त्याच निळ्यात. भट्टी निवायला दोन दिवस लागतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण पाहुणे सकाळी येणार होते, म्हणून दादांनी आदल्या दुपारीच दार उघडलं.

"अजून धग आहे हो," मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही रंगाचं बघा."

गार वारा आत शिरला आणि टण्ण टण्ण आवाज सुरू झाले. विसांतले सतरा तडकले.

वही निघाली. सगळे दादांकडे बघत होते. दादांनी एक खापर उचललं, उजेडात धरलं.

"मावशींच्या रंगातच काहीतरी बिघडलं असणार," ते म्हणाले.

मावशींच्या रंगात. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य असं आलं. सहा जणांनी माना खाली घातल्या. त्यांतल्या चौघांना मावशींनी माती मळायला शिकवलं होतं.

"माझी चूक," मावशी म्हणाल्या.

चाकवालीनं वहीचं नवं पान उलटलं. "काय लिहू?"

"लिही, चार वर्षं गप्प बसले."

चाकवालीनं दादांकडे पाहिलं. मग खाली मान घालून लिहिलं: निळा रंग, मावशींचा.

मावशींनी चष्मा लावून ती ओळ वाचली. इतक्या वर्षांत त्या रंगाशेजारी त्यांचं नाव लागलं ते एवढंच. त्यांनी हात धुतले, भिंतीवरची कृती ओल्या फडक्यानं पुसली आणि घरी गेल्या.