बारा भोकांची जीप आणि इंदूकाकू

इंदूकाकूंच्या हातात कोणतीही वस्तू गेली की आधी ती उन्हाकडे धरायची, एक डोळा मिटायचा आणि आतून बघायचं, ही त्यांची सवय. भाचीच्या लग्नात आहेर म्हणून आलेला पितळी डबासुद्धा त्यांनी भर मांडवात असा तपासला होता. बोरी अरबच्या बाजारात मी त्यांच्याकडे पहिल्यांदा बादली घ्यायला गेलो, तर त्यांनी माझीच नवी छत्री काढून घेतली, उघडली आणि आत डोकं घालून म्हणाल्या, "गुर्जी, दोन जागी आभाळ दिसून राह्यलं. कोनं देल्ली ही तुमाले?" छत्री सासऱ्यांनी दिली होती. मी नाव सांगितलं नाही.

बादल्या, डबे, धान्याच्या कोठ्या हे त्यांच्या नवऱ्याचं पत्र्याचं काम. तो गेल्यावर दिरांनी दुकान आवरायला सांगितलं. काकूंनी दुसऱ्याच दिवशी त्याचं डाग द्यायचं लोखंड निखाऱ्यात खुपसलं आणि कामाला बसल्या. कथील वितळवून पत्र्याचा सांधा बुजवायचा, म्हणजे डाग द्यायचा. "बाईच्या हातचा डाग टिकते का?" असं कोणी विचारलंच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "पान्याले इचार. बाई का बुवा, ते त्याले समजत नाई."

ती वर्षं कापूस पिकवणाऱ्यांची कंबर मोडणारी होती. घरात काटकसर करायची वेळ आली की कात्री पहिल्यांदा मुलीच्या शाळेवर चालायची. मी तिथल्या हायस्कूलमध्ये शिकवत होतो. ओढ्यापलीकडच्या तीन गावांना एस.टी. जात नव्हती, त्यामुळे तिकडच्या मुली सातवी झाली की घरी बसायच्या. गजाननची प्रवासी जीप तेवढी जायची. पण तिच्या टपावरच्या कॅरिअरवर कापसाची गाठोडी आणि त्यांच्यावर पाचसहा बाप्ये बसत, आणि त्यांचे पाय खिडकीत लोंबत. "कॅरिअर काढ, मंग पोट्ट्या पाठोतो," असं मुलींच्या बापांनी गजाननला बजावलं. तिसऱ्या दिवशी तो कॅरिअर काढून आला. मी दारोदार फिरलो, मुलींची जबाबदारी माझी म्हणून शब्द दिला आणि अकरा मुली आठवीत येऊ लागल्या.

कॅरिअर गेलं, पण ते जिथे कसलं होतं तिथे टपाला बारा भोकं राहिली. गॅरेजवाल्याने आतल्या बाजूने डांबर चोपडून ती बुजवली. उन्हात डांबर पाघळलं, पाऊस आला तेव्हा पाण्याबरोबर खाली ठिबकू लागलं. मुलींच्या वह्या भिजल्या आणि पांढऱ्या गणवेशावर काळे डाग पडले. दोघी यायच्या बंद झाल्या. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणत, मला म्हणाले, "शाळेचं नाव खराब होऊन राह्यलं, सर. सोमवारपासून जीप बंद." एकदा घरी बसलेली मुलगी परत येत नाही, तिचं थेट लग्नच ठरतं, हे मला माहीत होतं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जीप काकूंच्या दुकानापुढे लावली. त्या आत शिरल्या, उलथन्याने डांबर खरवडलं आणि मान वर करून मोजू लागल्या. "बारा जागी आभाळ. अन् बुजवलं आतून? भोक आतून नाई बुजत, गुर्जी. पानी जिकून येते, तिकूनच त्याले अडवा लागते."

"पन काकू, गाडीच्या पत्र्यावर डाग बसते का?" गजाननने विचारलं.

"रंग काढला का पत्रा तो पत्राच. आता मले शिकवू नोको, रॉकेल आन."

शनिवार-रविवार काकू कमरेला पदर खोचून जीपच्या टपावर होत्या. बाजारातली माणसं मुद्दाम तिकडून जात होती. त्यांनी रॉकेलने डांबर धुतलं, भोकांभोवतीचा रंग घासून पत्रा चकचकीत केला, वर आलेल्या कडा ठोकून बसवल्या. मग प्रत्येक भोकावर पत्र्याची छोटी टोपी ठेवून तिच्या कडेने गोल डाग दिला. रविवारी दुपारी चार टोप्या त्यांनी स्वतःच उचकटल्या. मी हबकलोच. "दिसाले बऱ्या हायेत," त्या म्हणाल्या, "पन मले खात्री नाई." त्या चार पुन्हा केल्या, वरून रंगाचे दोन हात दिले.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर दादासाहेब मैदानात उभ्या केलेल्या जीपपाशी आले. काकूंनी घरून आणलेला कोरडा कापूस आतून बाराही भोकांत दाबला, मग जीपमध्ये बसून दारं लावून घेतली आणि हुकूम सोडला, "ओता."

गजानन टपावर चढला. मुलींनी हापशीपासून रांग धरली आणि बादल्या वर जाऊ लागल्या. अर्धा तास पाणी ओतणं चाललं होतं. मी देवाचं नाव घेत होतो. शेवटी दार उघडलं आणि काकू उतरल्या. त्यांच्या तळहातावर बारा वाती होत्या. आत बसल्या बसल्या त्यांनी त्याच कापसाच्या वळल्या होत्या.

त्यांनी जीपचं बॉनेट पदराने पुसून वाती ओळीने मांडल्या. "काडेपेटी काढा, दादासाहेब. ओली वात पेटत नाई. एकेक लावून पाहा."

दादासाहेबांनी काडी ओढली. पहिली वात भप्पकन पेटली. दुसरी, तिसरीही. मुली मोजू लागल्या. अकरा झाल्या. बाराव्या वातीला काडी लावली आणि काडीच विझली.

"वारा हाये," काकू शांतपणे म्हणाल्या. "हात आडवा धरा."

दादासाहेबांनी हाताचा आडोसा केला आणि दुसरी काडी ओढली. वात पेटली. मुलींनी जो गलका केला, तो बाजारात ऐकू गेला असणार. दादासाहेबांनी हाताची राख झटकली. त्यांची नात आमच्याच शाळेत, रोज त्यांच्या मोटारसायकलवरून यायची. "उद्यापासून आमची पोरगी बी हिच्यातच येईन," ते म्हणाले. त्याच दिवशी काकू जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून त्या दोन मुलींच्या घरी गेल्या. बापांना काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी दोघी शाळेत होत्या.

काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्या आठवतात दहावीच्या निकालाच्या दिवशीच्या. गिऱ्हाईक तसंच सोडून, हाताला काजळी असताना त्या शाळेत आल्या. वाचता येत नव्हतं, म्हणून मला म्हणाल्या, "त्या जीपवाल्या अकरा पोट्ट्यायची नावं वाचा." मी वाचली. त्या बोटांवर मोजत होत्या.

"सगळ्या?"

"सगळ्या पास, काकू."

काकू पायरीवर बसल्या. पदराने तोंड पुसलं, तर गालावर काजळी लागली.

"मंग पुन्हा वाचा, गुर्जी," त्या म्हणाल्या. "अन् जोरानं वाचा. बाजारात ऐकू गेलं पाह्यजे."