मैदानाकडे पाठ

सांगलीत मी पोलीस शिपाई होतो, तेव्हा रजेचे अर्ज करणं हा माझा एकमेव छंद होता. धाकट्या भावाची पलूसकडच्या एका जत्रेत कुस्ती लागली होती, पहिलीच मोठी. वडील गेल्यावर त्याच्या खुराकाचे दूधबदाम मीच पुरवले होते, पण त्याला लढताना एकदाही पाहिलं नव्हतं. तीन अर्ज केले. तिन्हींवर फौजदारसाहेबांनी एकच शब्द लिहिला, बंदोबस्त. त्यांचा तरी काय दोष? ते स्वतः महिनोन्महिने घरी जेवले नव्हते. आमच्यावर ओरडूनच पोट भरत असत.

मग बंदोबस्ताला माझीच नेमणूक झाली, तीही त्याच जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानावर! मी बायकोला म्हणालो, सरकारलाही काळीज असतं. तिनं माझा डबा भरायला घेतला. पोलीस खातं तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. आदले दोन दिवस माधवनगरचा मोर्चा सांभाळून पाय सुजले होते, तरी मी उड्या मारत गेलो. तिथं हुकूम मिळाला, तोंड लोकांकडं, पाठ कुस्तीकडं.

"वळून बघितलंस तर घरी बसवीन," साहेब म्हणाले. घरी बसायला मिळेल म्हणून क्षणभर मोह झाला.

भावाचं नाव पुकारलं गेलं. मला दिसत होती ती फक्त लोकांची तोंडं. पहिल्या रांगेतल्या पटकेवाल्या म्हाताऱ्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं, कुस्तीत काय होतंय ते मला सांगत राहा. तो ओठ चावायला लागला, तसं मी डोळ्यांनीच विचारलं, काय झालं?

"आवं हवालदार, तुमचा गडी खाली हाय," तो म्हणाला. "थांबा, थांबा... सुटला!"

मग सगळं मैदान उठलं, पटके हवेत उडाले. आणि मी काय केलं? काठी उगारून ओरडलो, "बसा खाली!" भाऊ जिंकल्याचं मला असं कळलं. त्या दिवशी नोकरीचा मनस्वी संताप आला. पुढं तोही येईनासा झाला, कारण संतापायलाही अंगात जोर लागतो.

दुसऱ्या वर्षी त्याच्या लग्नाला मात्र एक दिवसाची रजा मंजूर झाली. मंगलाष्टकं सुरू झाली. मी नवा सदरा घालून, अक्षता मुठीत धरून उभा होतो. मागं कोण रेटतंय, पुढं कोण घुसतंय, सगळ्यांवर माझी नजर होती. शेवटच्या अक्षता पडल्या. माझ्या मुठीतल्या तशाच राहिल्या.

एवढ्यात पाठीमागून, बोहल्यावरून भावाची हाक आली. "दादा, आज तरी हिकडं बघ की!"

सगळा मांडव हसला. मी वळलो. तो गळ्यातला हार सावरत माझ्याकडंच बघत होता, आणि मला भर मांडवात रडू फुटलं.