शिवणाऱ्याची कंबर

तीर्थपुरीच्या बाजारात माझं कपडे शिवायचं दुकान होतं. आमच्या घरात सगळ्यांनी जन्मभर मेंढ्यांमागं पायपीट केलेली. बसून करायचं काम धरणारा मीच पहिला. माझा बा म्हणायचा, "तुझं बरं हाय. सावलीत बसायचं अन् पाय हलवायचे." सकाळी मशीनवर बसलो की दिवेलागणीला उठायचो. मधे उठायचो ते माप घ्यायला, नाहीतर कापड बेतायला, आणि बेतायचं तेही जमिनीवर ओणवं होऊन. अशी पंधरा-सोळा वर्षं गेली. संध्याकाळी कंबर धरायची, पण ती सगळ्यांचीच धरते असं मी समजायचो.

नव्वद साल उलटल्यानंतरची गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेत होतो. हातातला खडू पडला. तो उचलायला वाकलो आणि वर येता येईना. डाव्या कुल्ल्यापासून पार घोट्यापर्यंत एक कळ गेली आणि तिथंच थांबली. गिऱ्हाईक हात पसरून उभं. त्याला वाटलं, मी खाली काही शोधतोय.

"सापडला का खडू?" त्यानं विचारलं.

खडू माझ्या बोटांत होता. पण उत्तर द्यायला श्वास नव्हता.

दोघातिघांनी धरून मला दुकानामागच्या खोलीत नेलं. आम्ही तिथंच राहायचो. पहिले आठ दिवस घरचे उपाय झाले. विटेचा शेक, निरगुडीचा पाला. बानं एका पायाळू बाईला बोलावून आणलं. तिनं पाठीवर तीनदा पाय लावला आणि चहा पिऊन गेली. कळ तशीच. शेवटी बायकोनं मला जालन्याला नेलं. बसमधे सगळ्या सीटा रिकाम्या असूनही मी दांडा धरून उभा होतो, कारण बसलो की पाय जळायचा.

डॉक्टरांनी मला उताणं निजवलं, पाय सरळ ठेवून वर उचलला. हातभर उचलला नाही तोच मी त्यांचं मनगट धरलं. "मणक्यातली गादी सरकलीय," ते म्हणाले. "शीर दबलीय. याला सायटिका म्हणतात. तीन आठवडे फळीवर पडून राहायचं. मशीन बिलकुल बंद."

"लग्नसराई हाय, साहेब."

"लग्न तुमचं आहे का?"

मी घरी येऊन फळीवर पडलो. दुकानात कापडांचे गठ्ठे तसेच होते, त्यात दोन नवरदेवांचे कपडे. तिसऱ्या दिवशी बायको उशाशी येऊन म्हणाली, "तुम्ही नुसतं सांगा. मी शिवते."

तिला काज-बटण, तुरपाई एवढंच येत होतं. मशीनला तिनं कधी पाय लावला नव्हता. मधलं दार उघडं ठेवून मी आतून सांगायचो, ती बाहेरून करायची. मला छत दिसायचं आणि मशीनचा आवाज यायचा. आवाजावरून कळायचं, शिलाई कुठं वाकडी गेली. पहिल्या सदऱ्याची बाही तिनं उलटी लावली. मी फळीवरून ओरडलो.

ती दारात आली. "ओरडू नका. ओरडल्यानं तुमचीच कंबर दुखती. काय चुकलं तेवढं सांगा."

बाही तिनं उसवली आणि परत लावली. दुसरी चुकली नाही. नवरदेवांचे कपडे वेळेवर गेले. पंधरवड्यानं ती विचारायची बंद झाली. मशीन सलग चालायला लागलं. एका दुपारी बाहेरून एका बाईचा आवाज ऐकला, "पोलकं तुम्हीच शिवलं ना? मंग आता तुमच्याकडंच टाकत जाईन. बाईनं माप घेतलेलं बरं वाटतं." मी भिंतीकडं तोंड केलं. दुकान चाललंय याचं बरं वाटायला पाहिजे होतं, थोडं वाटलंही. पण दुकान माझ्यावाचून चालतंय, हे जास्त टोचलं.

म्हणून तीन आठवडे भरायच्या आधीच मी उठलो आणि कंबरेला पट्टा बांधून मशीनवर बसलो. बायको म्हणाली, "डॉक्टरांनी काय सांगितलं?" मी म्हटलं, "मला बराबर कळतं माझं." चार दिवस शिवलं. पाचव्या दिवशी बाजारातून येत होतो, तर एक भाजीवाली मागून म्हणाली, "दादा, चप्पल राह्यली की तुमची." खाली बघितलं तर डावा पाय अनवाणी. चप्पल वीस पावलं मागं पडली होती आणि पायाला पत्ताच नव्हता. अंगठा वर उचलायला गेलो, उचलेना. त्या दिवशी मात्र मी घाबरलो.

डॉक्टरांनी या वेळी थट्टा केली नाही. "आणखी बिघडलं तर ऑपरेशन. सध्या पडून राहा, मग चाला. पण मशीनचा नाद सोडा."

चालायला मला बानं शिकवलं, असंच म्हणावं लागेल. रोज सकाळी तो मला गावाबाहेरच्या रस्त्यानं न्यायचा. लंगड्या मेंढराबरोबर चालायची त्याला सवय होती. तो पुढं जायचा नाही, मागंही राहायचा नाही. मी थांबलो की थांबायचा, विचारायचा काही नाही. एकदा मीच म्हणालो, "बा, तू जन्मभर चालून राह्यला, तुला कधी काही झालं न्हाई. मी बसून राह्यलो तर हे असं."

त्यानं वाटेतला एक दगड पायानं बाजूला सारला. मग म्हणाला, "बसायला मीच लावलं तुला. मला वाटलं सुख हाय."

दोन-तीन महिन्यांत अंगठा हलायला लागला. कळ मात्र कायमची राहिली. थंडीत वाढते, बसलं की वाढते, शिंकताना आधी भिंत धरावी लागते. सुताराकडून उंच टेबल करून घेतलं आणि उभ्यानं बेतायचं काम घेतलं. मशीन बायकोकडं गेलं ते गेलंच. लग्नाच्या पंगतीत मला मांडी घालता यायची नाही, म्हणून मी भिंतीशी उभा राहून जेवायचो. लोक म्हणायचे, बसा की. दर वेळी तेच सांगून मी कंटाळलो. पुढं पुढं लग्नालाच जायचं टाळायला लागलो.

दुकानावरची पाटी बदलली नाही, पण लोक बायकोचं दुकान म्हणायला लागले होते. दोन हजार सालाच्या आसपास एका संध्याकाळी टेबलाशी उभा असताना मी बघितलं, बायको मशीनवरून उठताना दोन्ही हातांनी मशीनच्या फळीचा आधार घेत होती.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"कशाला?"

"कंबरेला."

"काही न्हाई. बसून बसून धरती," ती म्हणाली आणि परत बसली. "एवढी दोन पोलकी झाली की उठते."

मी तिच्या शेजारी गेलो. खाली वाकणं मला जड जातं, तरी एक हात टेकवून वाकलो आणि मशीनच्या चाकावरचा पट्टा उतरवला. तिनं पायटा दाबला. चाक हललं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं.

"उद्या जालन्याला जाऊ," मी म्हणालो.

"आणि पोलकी?"

"सांगू, उशीर होईल म्हणून."

सुईखालचं कापड तिनं हलकेच काढलं, घडी घातली आणि आत जाऊन फळीवर आडवी झाली.