बोरसे यांची तोंडी साक्ष

"वो बोल नहीं सकते," पलीकडून बाईंचा आवाज आला.

मला वाटलं, मिस्टर कामात असतील. म्हटलं, "ठीक है, मैं शाम को फोन कर लूँगी."

"तसं नाही हो मॅडम. त्यांचा आवाजच गेलाय." मग म्हणाल्या, "मघाशी सावंत म्हणालात ना नाव? म्हणून मराठीत बोलले. चालेल ना?"

चालणार होतंच. पण माझ्यापुढे आता वेगळाच प्रश्न होता. ज्या माणसाची तोंडी साक्ष ठरवायला मी फोन केला होता, त्याला बोलता येत नव्हतं.

मी संसदेच्या समित्यांचं काम बघणाऱ्या सचिवालयात नोकरी केली. आता निवृत्त आहे. समिती म्हणजे खासदारांचा एक गट. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांच्या प्रमुखांना बोलवायचं आणि विचारायचं, पैसा कुठे गेला, त्यावर लक्ष कोणी ठेवलं. दार बंद असतं, पत्रकार नसतात. खासदारांच्या हातात प्रश्नांची जी यादी असते ती आमच्यासारखे लोक तयार करतात. कुठला प्रश्न विचारायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे खासदार ठरवतात.

त्या वेळी समितीपुढे शीतगृहं चालवणारं एक महामंडळ होतं. त्याचं नाव सांगणार नाही. माणसांची नावंही मी बदलली आहेत.

महामंडळाच्या फरीदाबादजवळच्या शीतगृहात अमोनियाची गळती झाली होती. अमोनिया हा थंडाव्यासाठी वापरतात तो वायू. पाइपात असतो तोवर ठीक. बाहेर आला की डोळे, घसा, फुप्फुसं भाजून काढतो. त्यात दोन ऑपरेटर गेले. आम्ही खुलासा मागवला तेव्हा उत्तर आलं, ह्यूमन एरर. शिफ्ट इंजिनिअरला सस्पेंड केलं आहे. त्याच गठ्ठ्यात महामंडळाचा वार्षिक अहवाल होता. त्या वर्षी त्यांना नफ्यासाठी सरकारकडून सर्वांत वरचं रेटिंग मिळालं होतं. आणि मेंटेनन्सचा खर्च एकदम खाली आला होता.

मी दोन्ही कागद घेऊन आमच्या जॉइंट सेक्रेटरींकडे गेले. माथुर साहेब. मोजकं बोलणारा माणूस.

"ह्यूमन एरर म्हणजे काय, सावंत?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"माणसाची चूक, सर."

"ह्यूमन एरर म्हणजे त्यांना माणूस सापडलाय. आता पुढे कोणी काही विचारणार नाही असं त्यांनी धरलंय. त्या इंजिनिअरला समितीपुढे आणता येईल का, बघा."

अध्यक्षांनी होकार दिला. आणि मी त्या इंजिनिअरच्या, म्हणजे बोरसेंच्या घरी फोन केला.

दोन-तीन दिवसांनी रेखा बोरसे मला भेटायला आल्या. एकट्याच. रिसेप्शनवर पास करून त्यांना आत आणलं. फरीदाबादच्या एका शाळेत गणित शिकवत होत्या. माहेर जळगावकडचं, नवरा धुळ्याचा, लग्नानंतर सगळं आयुष्य इकडेच. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"यांनी तिथे बोलल्यावर आणखी काही होणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

मी नियम समजावला. समितीपुढे सांगितलेल्या गोष्टीबद्दल साक्षीदारावर कारवाई करता येत नाही. तो संसदेचा विशेषाधिकार आहे.

"आणि न सांगितलेल्या गोष्टीबद्दल? दुसरंच काही काढून?"

मी म्हटलं, "लेखी निवेदन दिलं तरी चालेल. त्यांना त्रास नको."

"नाही. ऑफिसच्या चौकशीत लिहूनच दिलं होतं. त्यातलं त्यांनी हवं तेवढं उचललं. आता हे म्हणतात, मी समोर बसून सांगणार. कुजबुजल्यासारखं बोलता येतं त्यांना. मला कळतं. दुसऱ्या कोणाला नाही कळत."

समितीपुढे साक्षीदाराशिवाय दुसऱ्या कोणाला बसू देत नाहीत. मी टिपण लिहिलं, माथुर साहेबांनी ते पुढे नेलं. अध्यक्षांनी परवानगी दिली. बोरसे कुजबुजतील, त्यांच्या पत्नी ते हिंदीत मोठ्याने सांगतील.

साक्षीच्या दिवशी बोरसे इस्त्रीचा शर्ट घालून आले. उंच माणूस, पण खांदे पुढे आलेले. दर थोड्या वेळाने घोटभर पाणी घ्यायचे. मी अध्यक्षांच्या मागे माझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि कानाला हेडफोन लावला. माइक चालू होता, त्यामुळे मला दोघांचंही ऐकू येत होतं. आधी बोरसेंची मराठी कुजबुज, मग रेखाताईंची हिंदी. वर्गात शिकवतात तशी, स्पष्ट.

सुरुवात नीट झाली. मशीन रूममध्ये गळती झाली तेव्हा सतबीर आणि इक्बाल हे दोन ऑपरेटर आत होते. बोरसे बाहेर होते. अशा वेळी बाहेरूनच गॅस तोडण्यासाठी एक व्हॉल्व्ह असतो. भिंतीवरचं बटण दाबायचं, तो आपोआप बंद होतो. बोरसेंनी बटण दाबलं. काही झालं नाही. तो व्हॉल्व्ह कित्येक महिने बिघडलेला होता. दुरुस्तीची मागणी त्यांनी पुन्हा पुन्हा पाठवली होती. प्रत्येक वेळी तेच उत्तर, पुढच्या बजेटमध्ये बघू. तोंडाला लावायच्या मास्कचे सिलिंडरही रिकामे होते. भरून आणायचं कंत्राट संपलं होतं, नवं झालं नव्हतं.

"फिर?" एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं. बिहारकडचे होते. समितीत एरवी डोळे मिटून बसायचे.

बोरसे कुजबुजले, रेखाताईंनी सांगितलं. ओला टॉवेल तोंडाला बांधून ते आत गेले. डोळे उघडेनात. दोघांच्या नावाने हाका मारल्या. हाका मारायला टॉवेल खाली ओढला, तेव्हाच घसा गेला. कोणी हाताला लागलं नाही. भिंत चाचपडत ते बाहेर आले.

"फिर आपने क्या किया?"

बोरसे पत्नीकडे वळले नाहीत. समोर बघतच बोलले. माझ्या हेडफोनमध्ये आलं, "मग मी दार ओढून बंद केलं. बाहेरून कडी घातली. आतून सतबीरचा आवाज येत होता."

रेखाताई बोलल्या नाहीत.

त्या नवऱ्याकडे बघत होत्या. हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या, एवढं मला कळलं. खोलीत दुसऱ्या कोणाला काहीच कळलं नव्हतं. लघुलेखक हात थांबवून बसला होता.

"क्या कहा इन्होंने?" ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "सावंत जी, आप तो मराठी जानती हैं. आप बता दीजिए."

मी उभी राहिले. सांगायला एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य माझ्या तोंडून जावं असं मला वाटलं नाही. नियमही माझ्या बाजूने होता, समितीचा कर्मचारी साक्षीदाराच्या वतीने बोलत नाही. मी म्हटलं, "सर, गवाही इनकी है. थोड़ा समय दे दीजिए."

अध्यक्षांनी मान हलवली. कोणीतरी पाण्याचा ग्लास रेखाताईंपुढे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. माइक चालूच होता.

"सांगू?" त्यांनी नवऱ्याला हळूच विचारलं.

बोरसेंनी होकार दिला.

त्यांनी सांगितलं. कडीसकट, सतबीरच्या आवाजासकट. मग बोरसे पुढचं बोलले, त्या तेही सांगत गेल्या. मशीन रूमचं दार पलीकडच्या हॉलमध्ये उघडत होतं. तिथे बायका बटाटे निवडत बसल्या होत्या. गॅस त्यांच्याकडे निघाला होता. दार उघडं ठेवलं असतं तर त्या बाहेर पडू शकल्या नसत्या. सतबीर दाराकडे येतोय की भान जाऊन ओरडतोय, ते कळायला मार्ग नव्हता. थांबून बघायला वेळ नव्हता.

ज्येष्ठ सदस्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वो वाल्व चलता होता तो?"

"तर कडी घालावी लागली नसती," बोरसे म्हणाले. रेखाताईंनी तेवढंच हिंदीत सांगितलं.

अध्यक्षांनी साक्ष संपल्याचं सांगितलं. दोघं उठून गेले. कॉरिडॉरमध्ये रेखाताई त्यांच्यापासून थोडं अंतर ठेवून चालत होत्या. लिफ्टपाशी त्यांनी नवऱ्याची पाण्याची बाटली स्वतःकडे घेतली.

दुपारी महामंडळाचे अधिकारी आले. एमडी, त्यांच्या शेजारी डायरेक्टर फायनान्स भाटिया, मागे फाइली घेऊन बसलेली माणसं. बोरसेंनी काय सांगितलं ते त्यांना कळवायचं नव्हतं, साक्ष गोपनीय असते. सदस्यांनी फक्त व्हॉल्व्हबद्दल विचारायचं ठरवलं.

"दुरुस्ती का झाली नाही?"

"सर, इट वॉज डिफर्ड," एमडी म्हणाले.

"किसने टाला?"

"सर, वी विल सबमिट अ रिटन रिप्लाय."

लेखी उत्तर पाठवू, ही प्रत्येक साक्षीतली पळवाट असते. बहुतेक सदस्य तिथे सोडून देतात. त्या दिवशी ज्येष्ठ सदस्यांनी सोडलं नाही. तोच प्रश्न पुन्हा, आवाज न चढवता. टाला किसने? एमडींनी प्रक्रिया सांगितली. टाला किसने? एमडींनी बोर्डाची रचना सांगितली. शेवटी सदस्य भाटियांकडे वळले. "आप बताइए. आप फायनान्स देखते हैं."

भाटियांनी एमडींकडे पाहिलं. एमडी कागद वाचत होते.

"सर," भाटिया म्हणाले, "रेटिंगसाठी नफा दाखवायचा होता. बोर्डाने खर्चावर मर्यादा घातली. पगार कापता येत नाही. वीज कापता येत नाही. मेंटेनन्स कापला तर लगेच कोणी ओरडत नाही."

"तुमच्या बोर्डाची ऑडिट कमिटी असेल ना? पैशावर नजर ठेवायला?"

"आहे, सर. तिने समाधान व्यक्त केलं होतं. खर्च आटोक्यात आल्याबद्दल."

एमडींनी माइक बंद केला. स्वतःचा नव्हे, भाटियांचा. ते सगळ्यांनी पाहिलं.

अहवाल मीच लिहिला. व्हॉल्व्ह बिघडलेला होता, मागणी होती, पैसे होते, तरी काम पुढे ढकललं गेलं, हे सगळं त्यात आलं. जबाबदारी निश्चित करा, अशी शिफारस केली. बोरसेंचं नाव अहवालात नव्हतं. दाराचा उल्लेखही नव्हता. समितीने तसंच ठरवलं होतं आणि मला ते योग्य वाटलं.

अशा शिफारशींवर काय केलं, ते संस्थेला कळवावं लागतं. महामंडळाचं उत्तर वेळेत आलं. सगळ्या शीतगृहांतले व्हॉल्व्ह बदलले होते. मास्क नवे आले होते. हे खरं होतं, आम्ही तपासलं. जबाबदारीबद्दल लिहिलं होतं की दुरुस्ती पुढे ढकलण्याचा निर्णय सामूहिक होता, त्यामुळे कोणा एका व्यक्तीवर जबाबदारी निश्चित करता येत नाही. एमडी निवृत्त झाले. भाटियांची मुदत वाढवली गेली नाही. बोरसेंचं सस्पेन्शन मागे घेतलं, त्यांना हेड ऑफिसात रेकॉर्ड सेक्शनला बसवलं. त्यांच्या चौकशीच्या शेवटी शेरा होता, अधिक सतर्कता अपेक्षित होती.

अहवाल सभागृहात मांडला गेला त्यानंतर रेखाताईंचा फोन आला. अहवाल आता सगळ्यांना वाचता येतो का, हे विचारायला.

"येतो," मी म्हटलं. "पण तुम्ही जे सांगितलं ते त्यात नाहीये."

"माहितीये. आम्ही आपणहून जाऊन आलो दोघांच्या घरी."

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"इक्बालच्या भावाने ऐकून घेतलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत शिव्या देत आला मागे. त्याचं काही चुकलं असं नाही म्हणता येत. सतबीरच्या आईने बसायला खाट दिली. सगळं ऐकलं. मीच सांगत होते, हे बोलत होते. मग त्यांनी विचारलं, वो क्या कह रहा था अंदर से?"

"मग?"

"हे म्हणाले, मला हाक मारत होता. बोरसे सर, बोरसे सर म्हणत होता. मी यांना म्हटलं, हे नको सांगायला. तर हे म्हणाले, सांग."

"तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं."

मागून त्यांच्या मुलीने विचारलं, "मम्मी, किसका फोन है?" रेखाताई म्हणाल्या, "ऑफिस का." मग मला म्हणाल्या, "ठेवते मॅडम. उद्या यांचं हॉस्पिटल आहे," आणि फोन ठेवला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रश्न लिहिताना एक गोष्ट पाळली. काम का झालं नाही, असं कधी विचारलं नाही. त्याला उत्तर मिळतं आणि ते उत्तर बरोबरही असतं. काम थांबवायची सही कोणाची, असंच विचारायचे. बहुतेक वेळा लेखी उत्तर पाठवू म्हणायचे. पण ते म्हणण्याआधी समोरच्या रांगेतली माणसं एकदा एकमेकांकडे बघायची. समितीच्या हातात तेवढंच असतं.