चांगल्या वर्तणुकीचे दाखले

आमच्या आश्रमशाळेत शाळा सोडल्याचे दाखले मी लिहायचे. अक्षर बरं म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. म्हसावदपासून वर डोंगराकडे गेलं की शाळा लागते. मुलं आपसात पावरी बोलतात, आम्ही मास्तर मंडळी अहिराणी, आणि मराठी तेवढी फळ्यावर.

तिसरीतल्या एका पोराने मला सांगितलं, की नववीतला मोठा मुलगा आंघोळीच्या वेळी त्याच्याशी नको तसं वागतो. मी मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं, मग मीटिंग बोलावली, चहा मागवला. पोलिसांना कळवणं कायद्याने भाग आहे, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या कायद्याच्या प्रशिक्षणाला जाऊन सगळे जेवून आले होते. पण एकाच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ!

"व्हई गयं ते व्हई गयं, बाई. शाळानं नाव खराब करनं शे का?" मुख्याध्यापक म्हणाले. विज्ञानाचे सर पोरांच्या मोबाइलवर घसरले. वा रे वा! पुनरुत्पादनाचा धडा आला की हेच महाशय दरवर्षी "घरी वाचा" म्हणून पान उलटतात. पोरं राहतात वसतिगृहात, घरी वाचून दाखवणारं कुणी नाही. मग मोबाइल नाही शिकवणार तर कोण शिकवणार?

ठरलं काय, तर ताप आलाय म्हणून बारक्याला घरी धाडायचं आणि मोठ्याला दाखला देऊन दुसऱ्या आश्रमशाळेत. कारण : पालकांचा अर्ज. वर्तणूक : चांगली. तिथेही तिसरीतली पोरं असणारच, पण ती आमच्या हजेरीपटावर नव्हती ना!

मी दाखला लिहायला घेतला. हो, मीच. मुलगा समोर आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसला होता. चार दिवसांत त्याला कुणी शिव्या दिल्या, कुणी मारलं. विचारलं मात्र कुणी काहीच नव्हतं. मी विचारलं, "असं का केलंस रे?"

तो खाली बघत म्हणाला, "मी पाचवीत होतो तेव्हा एका दादाने माझ्याशी असंच केलं. मी सरांना सांगितलं. सरांनी दादाला दाखला देऊन पाठवून दिलं."

तो दाखलाही मीच लिहिला होता. पोरगा का चाललाय, हे विचारलंसुद्धा नव्हतं. नसती भानगड नको, हा माझा शहाणपणा! अशी लाज वाटली की मी पेन खाली ठेवलं.

मी म्हटलं, "तू केलंस ते वाईटच आहे. त्याचा जाब तुला द्यावा लागेल. पण तुला मदत करणारी माणसंही असतात, त्यांच्याकडे मी तुझ्याबरोबर येईन." दाखला फाडला आणि त्याच्यासमोरच पोलिसांना फोन लावला. बाहेरून मुख्याध्यापक ओरडले, "बाई, शाळा बुडवली तुम्ही!" बुडू दे मेली.

मी फोन ठेवला. मुलगा पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होता.

"बाई," तो म्हणाला, "फोन तर तेव्हाही होता ना?"