आप्पांचा अल्सर

बेळगावच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. मोठ्या आतड्याचा कर्करोग हा माझा आवडता धडा होता, असं म्हणायला आता जीभ रेटत नाही. पेशीला वाढण्याचा निरोप बाहेरून येतो. निरोप नसेल तेव्हा आतलं बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन मोडायला लावायचं, हे एपीसी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचं काम. एपीसीचं जनुक बिघडलं की ते प्रथिन साचतं, केंद्रकात शिरतं, आणि कुणीही न पाठवलेला निरोप पेशी पाळत राहते. आतड्याच्या अस्तरावर कोंब, म्हणजे पॉलिप, उगवतात. पुढे केआरएएस नावाच्या जनुकाची कळ चालूच राहते, पी५३ नावाचा पहारेकरी जागेवर नसतो, आणि कोंबाचा कर्करोग होतो. बिघडलेलं जनुक आईबापांकडूनही येऊ शकतं, हे मी दरवर्षी ठासून सांगते.

बोरगावात शेती बघणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, कितीतरी महिने शौचातून रक्त जात होतं. तो त्याला मूळव्याध म्हणायचा. "आपण जैन, कांदा-लसूण खात न्हाय, आपल्याला कसला रोग?" हे त्याचं शास्त्र. शेवटी मीच त्याला ओढत बेळगावला आणलं. दुर्बिणीच्या तपासणीआधी पोट साफ करायचं औषध संध्याकाळी घ्यायचं होतं. हा पठ्ठ्या खिडकीतून सूर्याकडे बघत, दिवस मावळायच्या आत सगळं पिऊन मोकळा झाला. मला हसू आवरेना.

दुर्बिणीत कोंबच कोंब दिसले. त्यातल्या एकाचा कर्करोग झालेला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कुणाला होता?"

"नाही," मी ताडकन म्हणाले. "वडील अल्सरनं गेले."

बाहेर बाकावर बसल्यावर अण्णा म्हणाला, "आप्पांना ह्योच हुता गं. तवा तुझी सोयरीक चालली हुती. पावण्यांनी पाठ फिरवली असती."

"म्हणजे माझ्यासाठी लपवलंत?"

"व्हय. तुझ्यासाठीच."

समोर आजारी माणूस बसला होता, तरी मला त्याचा गळा धरावासा वाटला. आमच्याकडे स्थळ बघताना शेती विचारतात, शिक्षण विचारतात, आणि घरात काही दुखणं आहे का तेही विचारतात. त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या घरांत एकच असतं. पण ते पाहुण्यांना द्यायचं उत्तर. मी घरचीच होते ना? लग्नानंतर इतकी वर्षं दर सणाला त्याच घरात जेवत होते, आणि तिथं एकानंही तोंड उघडलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

"तुझ्या पोरीला सांगायला पाहिजे," मी म्हणाले. "तिच्यात ते बिघडलेलं जनुक असायची निम्मी शक्यता आहे. माझ्यातही."

"तिची सुपारी फुटूस्तवर गप ऱ्हा. पाया पडतो तुझ्या."

मी गप्प बसले नाही. पुढच्या रविवारी बोरगावला गेले. पुतणी सुपारीच्या कार्यक्रमाच्या साड्या घड्या घालून ठेवत होती. तिला शेजारी बसवून आप्पांपासून सगळं सांगितलं, आणि विचारलं, "तुला कधी रक्त गेलं का गं?"

तिनं उठून दार लोटलं.

"दिवाळीपासनं जातंय, आत्ती. बाबांस्नी सांगितलं हुतं. म्हणाले, मूळव्याध हाय. आत्तीला तेवढं सांगू नको."