अमिनोच्या डब्यात आजोबांच्या गोळ्या

घाटकोपरच्या आपल्या चाळीतल्या बायांनो, मी सांगतेय, नात लिहितेय. कागद जिन्यातल्या फळ्यावर लावतेय.

नातू व्यायामशाळेतून आला की दंड फुगावेत म्हणून अमिनोच्या गोळ्या मूठभर गिळतो. त्याचा डबा रिकामा झाला. झाकण घट्ट, टाकवेना. मी त्यात ह्यांच्या डायबिटीसच्या गोळ्या भरल्या.

आज सकाळी डबा भरलेला बघून त्याची मूठ तोंडाशी गेली, तशी मी हातावर चापट मारली. गोळ्या घरभर!

"काय गं आजी!"

"मुडद्या, आजोबांच्या आहेत त्या!"

पैलवान खाली वाकून एकेक गोळी वेचायला लागला.

मला अक्षर येत नाही, म्हणून मी डबा बघून औषध ओळखते. पण कॉलेजात शिकणारा हासुद्धा डबाच बघतो, हातातली गोळी बघत नाही?

मी तेव्हा नळावर पाणी भरत असते तर?

तुमच्याकडे कुठल्या डब्यात काय आहे गं? आत्ता उघडून बघा.